पेस गेला, ई-फुटबॉल आला: चूक इंजिनाची की घाईची?

चिपशॉट
कोनामी या जपानी कंपनीनं पेसची (प्रो इव्होल्यूशन सॉकर, फुटबॉलचा व्हिडिओ गेम) जुनी गादी मोडली आणि ३० सप्टेंबर २०२१ ला ई-फुटबॉल २०२२ फुकट वाटायला काढला. ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा होता ते फॉक्स इंजिन गेलं, अनरियल आलं. पहिल्या दिवशी जेमतेम नऊ क्लब, मास्टर लीग (एकच क्लब हंगामामागून हंगाम चालवायचा प्रकार) नाही, संघांची नावं-जर्सी बदलायचा एडिट मोड नाही, खेळाडूंचे चेहरे वेडेवाकडे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम रेटिंगच्या तळाला गेला, कंपनीला माफी मागावी लागली, आगाऊ विकलेल्या ४० डॉलरच्या पॅकचे पैसेही परत करावे लागले.

तरी माझं मत असं की इंजिन बदलणं बरोबरच होतं. अर्धवट ०.९ आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तिथं घात झाला. एप्रिल २०२२ ची १.० हीच पहिली आवृत्ती असती तर एवढी छी-थू झाली नसती. तुम्हाला काय वाटतं?

साइडबॅक_३
अजिबात पटलं नाही. १.० तरी कुठे पूर्ण होती? मास्टर लीग नंतर वेगळी विकत मिळेल असं २०२१ मध्ये सांगितलं, २०२४ संपलं तरी तिचा पत्ता नव्हता. पेसचा प्रतिस्पर्धी फिफा बनवणाऱ्या ईएनं फिफा १७ ला फ्रॉस्टबाइट हे नवं इंजिन घेतलं तेव्हा करिअर मोड (तिकडची मास्टर लीग) काढून टाकला नाही. पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० वाल्यांना जुन्या इंजिनावर ठेवलं, नव्या कन्सोलना नवं दिलं. इंजिन बदलायचं म्हणजे आधीचं सगळं फेकायलाच हवं, हे कुणी ठरवलं?

होल्डिंग_मिड
ईएशी तुलना लंगडी आहे. कोनामीकडे कन्सोलचा पेस फॉक्सवर आणि मोबाइलचा पेस आधीपासून अनरियलवर, अशा दोन चुली पेटलेल्या होत्या. फॉक्स घडवलं कोनामीचा नावाजलेला गेम डिझायनर हिदेओ कोजिमाच्या टीमनं, आणि कोजिमा २०१५ मध्येच बाहेर पडला. अनरियल येणारे प्रोग्रामर बाजारात मिळतात, फॉक्सचे कुठून आणणार? २ जून २०२२ ला मोबाइलचा पेस २०२१ सुद्धा ई-फुटबॉल झाला, आणि दोन्हीकडचा कारभार एका इंजिनावर आला. हे कधीतरी करावंच लागणार होतं.

चिपशॉट
माझंही तेच म्हणणं. ०.९ मध्ये नेमकं काय मोडलं होतं ते बघा, म्हणजे दोष इंजिनाचा नाही हे कळेल. पेसमध्ये प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं चौकोनाचं बटण दाबून धरलं की जवळचा दुसरा खेळाडू बॉलवर धावून जायचा आणि तुम्ही आपल्या खेळाडूनं पासची वाट अडवायची. ०.९ मध्ये ते बटणच काढलं. समोरासमोर उभं राहून अडवण्याचं 'मॅच-अप' दिलं, पण मदतीला कुणी येईना. त्यामुळे विंगर आत वळला की बचाव उघडा. त्यात पासही संथ. १.० मध्ये दबावाची ती हाक परत आली, खांद्यानं ढकलण्याचं बटण आलं, आणि सामना खेळण्याजोगा झाला. इंजिन तेच होतं ना?

साइडबॅक_३
सामना सुधारला, मान्य. पण पेस २०२१ लोक अजून का खेळतात? कारण तो आपल्या हातात आहे. कोनामीकडे क्लबांची खरी नावं वापरायचे परवाने अपुरे, म्हणून चेल्सी 'चेल्सी बी' आणि मँचेस्टर सिटी 'मँचेस्टर बी'. फिफा २२ मध्ये आयएसएलसुद्धा होती, एफसी गोवा आणि मुंबई सिटी खऱ्या नावानं. पेसवाल्यांनी ती उणीव ऑप्शन फाइलनं, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या खऱ्या नावा-जर्सींच्या फाइलींनी, भरून काढली.

ज्यांना पीएस ४ वर करायचंय त्यांच्यासाठी: पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस पीएस ४ वाचत नाही. त्यावर डब्ल्यूईपीईएस (WEPES) नावाचा फोल्डर करून सगळ्या फाइल त्यात टाका. तो दुसऱ्या फोल्डरच्या पोटात राहिला तर गेमला काहीच दिसत नाही, बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. मग एडिट, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट, इम्पोर्ट टीम. सगळे संघ निवडा आणि पुढच्या पानावरच्या दोन्ही चौकोनांवर खूण करा: खेळाडू व संघाची माहिती लागू करणं, आणि त्याच नावाची चित्रं बदलणं. पहिली खूण राहिली तर नाव आणि जर्सी नवी येते, खेळाडू जुनेच राहतात. एक्सबॉक्सवाल्यांना ही सोय कधी मिळालीच नाही.

ई-फुटबॉल आला तेव्हा त्यात यातलं काय करता येत होतं?

नऊनंबरी
आणि फुकट म्हणजे किती फुकट तेही बोला की. ई-फुटबॉलमध्ये नवे खेळाडू सोडतीसारखे निघतात: १५० खेळाडूंची पेटी, त्यात तीन एपिक (दुर्मीळ, सगळ्यात भारी कार्डं), एका फिरकीला १०० कॉइन. निघालेला खेळाडू पेटीत परत जात नाही, हे त्यातल्या त्यात बरं. तरी १० फिरक्यांत तिघांपैकी एक तरी मिळण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. पहिला एपिक हाती लागायला सरासरी ३८ फिरक्या. आणि अमुकच एक हवा असेल तर १० फिरक्यांत ७ टक्केही नाही. गणित साधं आहे, पेटीचे आकडेही गेममध्येच दिलेले असतात, पण फिरकी मारताना ते कोण वाचतो!

होल्डिंग_मिड
एपिकशिवाय सामना जिंकता येत नाही असं थोडंच आहे? जीपीवर (सामने खेळून मिळणारं गेममधलं चलन) घेतलेलं साधं कार्ड, म्हणजे साधा खेळाडू, नीट घडवा. पहिली सोडून प्रत्येक लेव्हलला दोन गुण, म्हणजे ३२ लेव्हलच्या कार्डाला ६२. शूटिंग, पासिंग अशा कुठल्याही गटात पहिल्या चार पायऱ्या एकेक गुणाला, पुढच्या चार दोन-दोनला, नंतरच्या चार तीन-तीनला. आठ पायऱ्यांना १२ गुण, बारांना तब्बल २४. शूटिंग बारापर्यंत ताणायचं आणि धक्का पेलण्याची ताकद ज्यात येते तो 'एरियल स्ट्रेंथ' गट शून्यावर ठेवायचा, मग स्ट्रायकर धक्क्याला लोळतो म्हणून गेमला शिव्या द्यायच्या. आपोआप वाटणीचं बटण दाबणाऱ्यांची तर गोष्टच सोडा.

साइडबॅक_३
घडवा खुशाल. पण तो ड्रीम टीमचा (असे खेळाडू जमवून बांधलेला) संघ संगणकाविरुद्ध उतरवायचा तरी सर्व्हर लागतो. गुरुवारी सकाळी मेंटेनन्स लागलं की तुमचे ६२ गुणही बंद आणि स्ट्रायकरही बंद. पेस २०२१ मधली मास्टर लीग तेव्हाही चालू असते.