भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही अशा माणसाला काय वाढू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

घरी सासरे आहेत, वय ७४, मूळचे देवगडकडचे, आता आमच्यासोबत डोंबिवलीत. शुगर बारा वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.६ आलं आणि डॉक्टर म्हणाले (बाबांना नाही, मला) की भात कमी करा. झालं, एवढंच. कमी म्हणजे किती आणि त्याच्या जागी काय हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलापण.

आता बाबांचा भात म्हणजे काय ते सांगते. केकसाठी आणलेला वजनकाटा आहे घरी, त्यावर एक दिवस गुपचूप त्यांचं ताट वाढायच्या आधी आणि नंतर ठेवून बघितलं, तर एका वेळचा शिजलेला भात ४२० ग्रॅम निघाला! म्हणजे साधारण ११५ ग्रॅम कार्ब, नुसत्या भातातून. हे दोन वेळा, आणि सकाळी नाश्त्याला घावणे किंवा आंबोळी. मी नाश्त्याचं बोलले तर म्हणाले, "डॉक्टर भात बंद म्हणालो, घावणे खंय बंद म्हणालो?" यावर काय बोलणार.

काय काय करून झालं ते लिहिते म्हणजे तेच तेच सल्ले येणार नाहीत. आधी पोळ्या वाढवल्या, तर तीन पोळ्या खाऊन वर भात आहेच, उलट भरच पडली. मग ओट्स केले, त्यांनी चमच्यानं ढवळून बघितलं आणि विचारलं, "ह्या काय गो बाय, खळ?" आणि खरं सांगू का, दिसत होतं तसंच. भगर केली, ती खाल्ली आवडीनं, पण दोन तासांनी ग्लुकोमीटरवर २४४. सकाळी नाचणीची आंबील सुरू केली कारण सगळे सांगतात नाचणी शुगरला चांगली, तर तिच्यावर २४८! भातावर २६० येते, मग एवढा आटापिटा कशासाठी केला मी? ज्वारीची भाकरी मला येत नाही, माझ्या माहेरी पोळ्याच, थापायला घेतली की कडा चिरतात, उचलताना अर्धी परातीत आणि अर्धी हातात.

सगळ्यात कठीण म्हणजे मासे. आठवड्यातून तीनदा बांगडा नाहीतर सौंदाळे, आणि ती कढी भाताशिवाय कशाबरोबर वाढायची हे मला खरंच सुचत नाही. मी सकाळी ७.४० ची लोकल पकडते, संध्याकाळी घरी यायला साडेसात, त्यामुळे एका माणसासाठी वेगळा तासाभराचा स्वयंपाक होणार नाही. नवऱ्याचं पण बॉर्डरवर आलंय (६.१), तेव्हा सगळ्यांनाच चालेल असं काहीतरी हवंय. अनुभवी लोकांनी प्लीज लिहा.

– कोकमसार

*

मालदांडी:
ताई, भाकरी चिरते म्हणजे पिठाची विरी (चिकटपणा) गेलीय. पीठ दळून किती दिवस झाले? पिशवीतलं विकतचं असेल तर विसराच, ते दुकानात येईपर्यंतच महिना झालेला असतो. ज्वारी आणून गिरणीत आठवड्यापुरती दळा, दळण बारीक सांगा. आणि नवशिक्या माणसानं उकड काढूनच करावी, लाज वाटून घेऊ नका, आमच्या सोलापुरात पण पीठ जुनं झालं की सगळ्या तेच करतात. जेवढं पीठ तेवढं पाणी, चिमूट मीठ, खळखळ उकळलं की पीठ ओतून गॅस बंद, उलथन्याच्या दांड्यानं हलवून पाच मिनिटं झाकण. मग कोमट असतानाच तळहाताच्या टाचेनं रगडा, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्या, सगळा गोळा एकदम मळून ठेवला तर शेवटची चिरणारच. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा. पूर्ण सुकू दिलं तर तडे जातात आणि फुगत नाही.

पण एक सांगतो, भाकरी म्हणजे औषध नाही. आमच्या काकांनी भात सोडला आणि चार चार भाकऱ्या चालू केल्या, आणि मग म्हणे ज्वारी खाऊन पण शुगर उतरत नाही.

*

कोकमसार:
दादा, पीठ दोन महिन्यांचं आहे 🙈 विरी हा शब्दच आज कळला. शनिवारी गिरणी.

*

आकडेमोड:
मालदांडी म्हणतायत ते आकड्यांत सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, त्यात १०० ग्रॅम कोरड्या धान्यात कार्ब असे: सडलेला तांदूळ ७८, ज्वारी ६८, नाचणी ६७, बाजरी ६२. बघा, फरक आहे पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. खरा फरक तंतूंमध्ये (फायबर), तांदळात तीनपेक्षा कमी आणि ज्वारी-नाचणीत दहा-अकरा. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ३४ ग्रॅम कार्ब, तीन खाल्ल्या की तुमच्या बाबांच्या भाताच्या जवळ पोचलात.

आता हरभऱ्याची डाळ बघा, कार्ब ४७, तंतू १५, प्रथिनं २१. म्हणून माझं मत असं की एक धान्य काढून दुसरं धान्य घालण्यात फार हाती लागत नाही, त्या जागेवर डाळ-उसळ-भाजी आली पाहिजे. ताटात उसळ आमटीसारखी पातळ आणि चार चमचे नको, वाटीभर घट्ट हवी. मटकी, चवळी, वाल, जे असेल ते. रविवारी मोड आणून फ्रीजमध्ये ठेवलंत तर रोज कुकरची एक शिट्टी.

आंबिलीचं म्हणाल तर पीठ बारीक, त्यात पातळ शिजवलेलं, म्हणजे पोटात गेल्या गेल्या साखर होणार. आणि सोबत दुसरं काहीच नाही. त्याच नाचणीची भाकरी करून उसळीबरोबर द्या आणि मग मोजा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ३६४ मिग्रॅ, तेव्हा या वयात ती सोडू नका, फक्त पिऊ नका.

*

जर्सीकर:
इकडे फ्लॉवरचा भात फ्रोझन पाकिटात मिळतो, मी दोन वर्षं तोच खातोय. फ्लॉवर किसून, पंचात घट्ट पिळून, कढईत झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं परता. झाकण ठेवलं की गिचका. थाई करीबरोबर तर कळत पण नाही.

*

कोकमसार:
जर्सीकर, बांगड्याच्या कढीबरोबर कळेल हो 😄 पण नवऱ्याच्या डब्यासाठी करून बघते.

*

सडेतोड:
काय हे नवीन फॅड. आमचे आजोबा तीन वेळा भात खाऊन ९१ वर्षं जगले, शुगर नाही बीपी नाही.

*

मालदांडी:
आजोबा नांगर धरत होते का लिफ्टचं बटण?

*

उकडातांदूळ:
मी वेंगुर्ल्याची, आणि स्वतः शुगरवाली, तेव्हा हे मनापासून वाच गं. भात बंद करू नकोस. बंद केलास की ते शेजारी जाऊन खातील, आमच्या वडिलांनी तेच केलं होतं. भात राहू दे पण शेवटी येऊ दे. आधी भाजी आणि उसळ, मग तळलेला किंवा तिखल्यातला मासा, मग अर्धी भाकरी कढीत बुडवून, आणि मग वाटीत दाबून न भरलेला एक वाटी भात. तोपर्यंत पोट भरत आलेलं असतं, आणि भाज्या-प्रथिनं आधी गेली की साखर पण एकदम उसळत नाही, माझ्या मीटरवर मी हे कितीदा बघितलंय.

तांदूळ उकडा घे, चपटा पांढरा नको. उकड्याची साखर जरा सावकाश चढते आणि तो चावावा लागतो, त्यामुळे कमी जातो. कुळथाची पिठी तर तुझ्या घरी माहीतच असेल, ती पातळ करून भातावर ओतायची सवय आहे आपली, ती घट्ट करून भाकरीशी दे.

आणि एक काम कर. त्यांना विचार, लहानपणी तुमच्याकडे रोज पांढरा भात होता का? आमच्याकडे नव्हता. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी व्हायची आणि घरात तीच, पांढरा भात सणाला नाहीतर पाहुणा आला तर. या पिढीला भात म्हणजे बरे दिवस आले असं वाटतं, तो काढून घेतला की पुन्हा गरिबी आल्यासारखं होतं त्यांना. ओट्सनं ते भरून निघत नाही.

*

गोळीवाटप:
फार्मसीत काम करतो म्हणून मध्ये बोलतो. ग्लिमेपिराइड चालू असताना जेवणातला भात अचानक निम्मा केला तर शुगर खाली पण जाऊ शकते. आधी डॉक्टरांना फोन करून सांगा की आम्ही भात एवढा एवढा कमी करतोय, डोस बघा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर आधी मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. रात्री भात न खाता झोपले असं अजिबात होऊ देऊ नका. आणि क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर उसळी-डाळी किती द्यायच्या ते पण विचारून घ्या.

*

आकडेमोड:
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. अजून एक भर: शिजवलेला भात फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केला तर त्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो, साखर किंचित कमी चढते. किंचितच, त्यामुळे फोडणीच्या भाताचं ताट भरून घ्यायला ही सबब नाही. आणि रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात देऊ नका, त्यात जंतू वाढतात आणि गरम केल्यावरही त्यांचं विष जात नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली घालायला लावा, सोसायटीच्या आवारात चालेल.

*

एकादशीकर:
उपास असतील तर साबुदाणा बघा जरा. तो कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, भातापेक्षाही वरचढ, आणि आपण उपास आहे म्हणून दोन प्लेट खातो. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी आणि दही, नाहीतर भगर थोडी आणि दाण्याची आमटी जास्त.

*

कोकमसार:
सगळ्यांना तीन आठवड्यांनी उत्तर देतेय, सॉरी, मार्चएन्डचं काम होतं ऑफिसात.

गोळीवाटप, तुमचा सल्ला वाचायच्या आदल्या रात्रीच तसं झालं होतं. मी भात बंद आहे म्हणून सांगितलं, ते रागावून नुसती भाजी खाऊन झोपले आणि रात्री एक वाजता घामानं बनियन ओलं, हात थरथरतायत, मीटरवर ५८. साखरेचं पाणी देताना माझेच हात जास्त थरथरत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बसलेच, रात्रीची ग्लिमेपिराइड कमी केली त्यांनी. क्रिएटिनीन नॉर्मल आहे.

उकडातांदूळ ताई, विचारलं मी. टीव्ही बघत होते, आवाज बंद केला आणि अर्धा तास बोलत होते. आई पहाटे जात्यावर नाचणी दळायची, भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून ठेवायची आणि सोबत सुक्या जवळ्याची चटणी, शाळेत जाताना फडक्यात बांधून. मग मीच म्हटलं करू का उद्या? जवळा स्टेशनबाहेरच्या मावशींकडून आणला, तव्यावर कोरडा भाजला, कांदा, ओलं खोबरं, कोकम. नाचणीची भाकरी उकड काढून केली, ताजं पीठ, चिरली नाही (मालदांडी दादा 🙏), फुगली मात्र एकच. ती फुगलेली बाबांनी स्वतः उचलून घेतली, पापुद्रा काढून आत चटणी भरली. त्या रात्री भात मागितला नाही. दुसऱ्या रात्री मागितला, तेव्हा फार वाट बघू नका चमत्काराची.

सध्या असं चाललंय: दुपारी वाटीभर उसळ, भाजी, एक भाकरी, एक वाटी उकडा भात. रात्री मासे असतील तर मासे आधी, भाकरी कढीत बुडवून आणि भात अर्धी वाटी. वाटी मी बदलून लहान आणली, ते त्यांच्या लक्षात आलंय पण बोलले नाहीत. दोन तासांनी १७५ ते १९० च्या मधे येतंय, मीटरवर विश्वास ठेवायचा तर. घावणे रविवारीच, बाकी दिवस मुगाची धिरडी, त्यांना ती "हिरवे घावणे" म्हणून चालतात, मी दुरुस्त करत नाही. एचबीएवनसी जूनमध्ये करायचंय, तेव्हा इथेच लिहीन.

फ्लॉवरचा भात नवऱ्यानं डब्यातून परत आणला.

आता अजून एक मदत. कुळथाची घट्ट पिठी करते तेव्हा गुठळ्या होतात, रवीनं घुसळून पण जात नाहीत. फोडणीत पाणी उकळतं आणि मग वरून पीठ भुरभुरते. चुकतंय कुठे?

*

उकडातांदूळ:
भुरभुरू नकोस गं, बेसनाचं पिठलं नाही ते. आधी गार पाण्यात कालवून घे, मग ओत आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नकोस. आमसूल शेवटी.