बाबांची हत्यारं गंजलीत, उपाय सांगा (घाई आहे)

खानापूरची_लेक: बाबांची सगळी हत्यारं माझ्याकडे आलीत, भावाला नको होती. गंज चढलाय. कशाने काढायचा? खंडेनवमीच्या आत व्हायला हवं. लांबलचक नको, फक्त उपाय.

सामता: कुठली हत्यारं ताई? पटाशी, करवत, वाकस, रंधा, प्रत्येकाचं वेगळं. पूजेला मांडायची की वापरायची?

खानापूरची_लेक: सुतारकीची हो. नेहमीचीच.

उद्यमबाग५०: ग्राइंडरला वायर ब्रश लावा. दहा मिनिटांत चकाचक. बाकी सगळा वेळेचा नास.

सामता: ग्राइंडर धारेजवळ नेऊ नका. पातं तापून निळं पडलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

उद्यमबाग५०: मी ब्रश म्हटलं, दगड नाही. वाचून बोला की.

सामता: ग्राइंडर हातात आल्यावर ब्रशवर कोण थांबतंय?

घाटमाथा: चिंच आणि मीठ. आमची देवाची भांडी त्यानेच लखलखतात.

टिळकवाडी_निवृत्त: ती तांब्यापितळेची. लोखंडाला मीठ लावलंत तर गंज दामदुपटीने परत येईल. मी इलेक्ट्रोलिसिस करतो. प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. हत्यार ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील अजिबात नको, क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून अंगणात करायचं. गंज तेवढा जातो, चांगलं लोखंड झिजत नाही.

खानापूरची_लेक: चार्जर कुठून आणू? आणि रंध्याचं पातं निघतच नाही, ते बुडवू कसं?

सामता: हे आत्ता सांगताय! रंधा लाकडी आहे का?

खानापूरची_लेक: लाकडीच की. शिसवी. पाचर घट्ट बसलीय. भाऊ पक्कडीने ओढतो म्हणतोय.

सामता: त्याला आधी थांबवा, पाचरीचा तुकडा पडेल. तुमच्याकडच्या पावसात लाकूड फुगलंय. थोडे दिवस घरातच कोरड्या जागी ठेवा, उन्हात नको, तडकेल. मग एका हाताने रंधा धरून अंगठ्याने पातं दाबून ठेवा आणि रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. लोखंडी हातोडा नको. पाचर आपोआप सैल होते. पातं निघालं की रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये. सकाळी ब्रश, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुणं, लगेच कोरडं करून शिलाई मशीनचं तेल. लाकडाचं काहीही व्हिनेगरमध्ये बुडवायचं नाही.

टिळकवाडी_निवृत्त: व्हिनेगर चांगलं लोखंडही खातं. विसरून दोन दिवस राहिलं तर करवतीचे दात गेले.

सामता: मग विसरू नये.

निपाणी_एक्सप्रेस: पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांना टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे, १८ व्यवसाय आहेत. जुनं कशाला घासताय, अर्ज करा.

घाटमाथा: आमच्याकडे फॉर्म कन्नडमध्येच देतात. मराठीत कुठे मिळतो?

उद्यमबाग५०: सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे.

खानापूरची_लेक: मी सुतार नाही, बँकेत आहे. कुणी योजना विचारली होती?

निपाणी_एक्सप्रेस: मग हत्यारं कशाला?

खानापूरची_लेक: मुलीसाठी स्टूल करायचंय. दुकानातलं नको.

सामता: म्हणजे वापरायचीत! पहिल्याच ओळीत लिहायचं ना हे. मग नुसता गंज काढून भागत नाही. पात्याची सपाट पाठ निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) घासून बघा. धारेजवळ गंजाचे खड्डे उरले असतील तर धार खरबडच राहणार. खड्डे जाईपर्यंत पाठ घासायची किंवा धार मागे न्यायची. मग धारेची उतरती बाजू २५ अंशाला घासून शेवटी ३० ला फिरवा. गुण्या आहे का पेटीत?

खानापूरची_लेक: गुण्या म्हणजे काटकोनाचा तो? आहे. थोडा हलतोय.

टिळकवाडी_निवृत्त: हलणाऱ्या गुण्याने स्टूल डुलणारच. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, गुण्या पालटून त्याच जागी दुसरी मारा. रेघा जुळल्या नाहीत तर रिपिट घट्ट करून घ्या.

घाटमाथा: शिसवी रंधा विकणार का?

खानापूरची_लेक: नाही.