मंजिष्ठेचा लाल सुतावर तपकिरी का येतो?

लडीवाली:
२०० ग्रॅम पांढरं गिरणीचं सूत साबणाने धुऊन रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवलं. मग १०० ग्रॅम मंजिष्ठा पूड घालून तासभर खळखळ उकळलं. रंग विटकरी-तपकिरी आला, तोही ठिकठिकाणी फिका, आणि पहिल्या धुण्यात निम्मा उतरला. लोकरीवर हाच रंग नीट बसतो. सुताला काय वेगळं करावं?

हिरडा_बेहडा:
लोकर तुरटी थेट धरते, सूत धरत नाही. मध्ये हिरडा लागतोच.
त्याआधी सुतावरचं मेण काढायला हवं, ते साध्या साबणाने निघत नाही. सहा लिटर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून दीड तास उकळा. पाणी पिवळट होईल. वाळलेल्या सुतावर थेंब टाकला की लगेच जिरला पाहिजे. वरच राहिला तर परत उकळा. फिके पट्टे बहुतेक यामुळेच पडतात. लडीच्या गाठी घट्ट असतील तर तिथेही रंग पोचत नाही.
मग ४० ग्रॅम हिरडा पूड कोमट पाण्यात कालवून गाळा, सूत रात्रभर बुडवा, नुसतं पिळा, धुऊ नका. नंतर ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा एक रात्र. रंगवण्याआधी मात्र एकदा हलकं खळबळून घ्या. सुटी तुरटी राहिली तर रंग भांड्यातच तिला चिकटतो आणि गाळ होऊन तळाशी बसतो.

मंद_आच:
तपकिरीचं कारण बहुधा उकळी. जास्त आचेवर मंजिष्ठेतले तपकिरी रंग सुटू शकतात आणि लाल मळतो. गार पाण्यापासून सुरुवात करा, तासाभरात ६०-६५ अंशांवर आणा, तासभर तिथेच ठेवा, दर दहा मिनिटांनी लडी फिरवा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. पूड फडक्यात बांधा, नाहीतर कण अडकून ठिपके पडतात. भांडं स्टीलचं, लोखंडी कढईत लाल काळवंडतो. फिल्टरचं पाणी असेल तर चिमूटभर खडूची पूड घाला, मंजिष्ठेला चुना मानवतो. गडद लाल हवा असेल तर पूड सुताच्या वजनाइतकी घ्या.

लडीवाली:
हिरड्याऐवजी डाळिंबाची साल चालेल? आणि कलमकारीत हिरड्यात दूध घालतात ना?

हिरडा_बेहडा:
साल चालते, पण तिचा पिवळा जोरकस असतो, लाल नारिंगीकडे झुकेल. दूध कापडावर कलमाने काढलेली रेघ फुटू नये म्हणून असतं; सुताला नको. उरलेलं मंजिष्ठेचं पाणी फेकू नका, दुसऱ्या लडीला छान फिका गुलाबी येतो.