मिरजेत ओट्यावर फिल्टर कॉफी: माणसं बसू द्यायची, पण हिशेब कसा बसवायचा?

ओट्यावरची
नमस्कार मंडळी. वय ५४, मुक्काम मिरज. शाळेच्या ऑफिसातली नोकरी मार्चमध्ये सोडली. घराची पुढची खोली थेट रस्त्यावर उघडते, बाहेर दगडी ओटा. भाडं नाही.

गल्लीच्या दोन्ही अंगांना दवाखाने. पेशंट खूपसे कर्नाटकातले, आणि त्यांचे नातेवाईक पहाटे पाचपासून थर्मास हलवत फिरत असतात. मागच्या पावसाळ्यात अथणीकडच्या एक आजी ओट्यावर येऊन टेकल्या. नातू अॅडमिट होता. मी आमच्यासाठी केलेल्या कॉफीतली अर्धी दिली. पिऊन झाल्यावर त्यांनी पेला स्वतः नळाखाली विसळला, पालथा घातला आणि मलाच विचारलं, "ऊट आय्ता?" जेवलीस का! तेव्हापासून ओट्यावर फिल्टर कॉफी विकायचं डोक्यात घोळतंय.

संध्याकाळी सतारमेकर गल्लीतले दोघे-तिघे म्हातारे कारागीर आणि शेजारच्या बायकाही येतील. पण भीती हीच, की २५ रुपयांची कॉफी घेऊन दोन तास बसतील. आमचे हे म्हणतात, "धर्मशाळाच काढ ना, कॉफी कशाला?" मला कुणाला उठवायचं नाही आणि घरातले पैसेही घालायचे नाहीत. कसं करावं?

खानावळवाला, सोलापूर
ताई, १९ वर्षं खानावळ चालवली, म्हणून आधी आकडे. कपाला १० ग्रॅम पावडर धरा. किलोला ७०० पडली तर ७ रुपये. १०० मिली दुधाचे ६. साखर, गॅस, साबण मिळून २. झाले १५. म्हणजे २५ ला विकलीत तर हातात १० उरतात, त्यातही नासलेलं दूध तुमच्याच माथी. दिवसाला ६० कप गेले तर ६०० रुपये.

आता बघा, हे ६० कप बसणारे पीत नाहीत, थर्मासवाले पितात. एक थर्मास म्हणजे पाच-सहा कप, आणि माणूस दोन मिनिटांत वाटेला लागतो. सकाळ कमवायची, संध्याकाळ बसायची. दोन्हीचा हिशेब एका वहीत ठेवू नका, नाहीतर संध्याकाळच्या म्हाताऱ्यांचा उगाच राग येईल.

उधारीची वही मात्र पहिल्या दिवसापासून नको. आणि एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आधी करा, ऑनलाइन होते.

माटुंगा_पूर्व
काकू, आमच्याकडच्या हॉटेलांत शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत बिल टेबलावर असतं, बाहेर रांग असते म्हणून. तुमचा धंदा तो नव्हेच.

कॉफीचं मात्र ऐका. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून थेंबथेंब उतरणारा कॉफीचा दाट अर्क, उतरायला १५-२० मिनिटं लागतात, गिऱ्हाईक समोर आल्यावर फिल्टर लावून चालत नाही. पहाटे साडेचारला पहिला लावा. पाणी उकळलं की क्षणभर थांबून ओता. डिकॉक्शन परत गॅसवर ठेवू नका, कडू होतं. दूध कडकडीत ठेवा, तेच त्याला गरम करतं. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) २० टक्क्यांच्या वर नको. पाकिटावर टक्के छापलेले असतात, वाचून घ्या. नियमाने ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते आणि स्वस्त पावडरीत तेवढी असतेही.

बाकावरचा
बसणाऱ्यांना एवढं घाबरू नका. सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून गेलेल्या वेटरांनीच सहकारी संस्था काढून १९५७ पासून इंडियन कॉफी हाऊस चालवलं. तिथे एका कपावर अख्खी दुपार काढणारेच जास्त, तरी त्यातली कितीतरी अजून चालू आहेत. अर्थात तिथे डोसा-कटलेटही खपतं. तुम्हीही सोबतीला काहीतरी ठेवा. शेंगदाण्याची चिक्की चालेल, नासत नाही.

ओट्यावरची
तीन आठवडे झाले, म्हणून सांगायला आले. सकाळी साडेपाच ते नऊ फक्त थर्मास आणि उभ्याने. पहिल्या दिवशी १४ कप गेले आणि पुढच्यांना मी "संपली" म्हणाले, कारण दुसरा फिल्टर लावलाच नव्हता. माटुंगावाले, तुमचं आधी ऐकायला हवं होतं. आता ४० च्या आसपास जातात. समोरच्या मेडिकलमधल्या मुलीने कन्नडमध्ये पाटी लिहून दिली, त्या दिवसापासून फरक पडला.

संध्याकाळी पाच ते सात बसायचं. जेमतेम १० कप. एक सतारवाले आजोबा रोज येतात, साखर नको म्हणतात आणि बशीत ओतून पितात. परवा बाक डगमगत होता, तर खिशातून पटाशी काढून पाचर मारून दिली. पैसे घेईनात, त्या दिवशीच्या कॉफीचे मात्र मोजून देऊन गेले. आमचे हे हल्ली साडेसहाला स्वतःच खुर्ची बाहेर काढतात. धर्मशाळेचा विषय बंद.

चिक्की खपत नाही, मीच खाते.

आता एकच विचारायचंय. पेले-वाट्या पितळेच्या घ्याव्यात की स्टीलच्या? पितळ दिसतं छान, पण रोज चिंच लावून घासणार कोण?