चिठ्ठ्या टाकून टीम पाडल्या तर दुरावा जाईल का?

मिडऑफ: आमच्या संकुलात जुन्या वस्तीतल्यांच्या पुनर्वसनाची इमारत आणि फ्लॅट विकत घेणाऱ्यांचा, विक्रीचा टॉवर. दरवर्षी टेनिस-बॉलची फायनल याच दोघांत, आणि दरवर्षी बाचाबाची. यंदा चिठ्ठ्या टाकून मिश्र टीम पाडूया म्हटलं. हवेतलं बोलत नाही. मॅट लो या अर्थतज्ज्ञाने २०१७मध्ये उत्तर प्रदेशातल्या गावांत क्रिकेट लीग भरवल्या. मिश्र टीममध्ये खेळलेल्या तरुणांची इतर जातींतली मैत्री वाढली.

शंकासुर: अर्धंच सांगितलंत. त्याच प्रयोगात विरुद्ध टीममधल्या परजातीशी संपर्क आला, तिथे मैत्री उलट घटली. आणि उत्तर प्रदेशात कशाला जाता? पुण्यात दलित गोलंदाज बाळू पालवणकर साहेब लोकांना सरावाला गोलंदाजी करायचे आणि हिंदूंच्या संघासाठी विकेटा काढायचे (तेव्हा संघ धर्मावर पडायचे), चहा मात्र वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद काही दिलं नाही. टीम एकच होती की!

मिडऑफ: टीम एक होती, बरोबरी कुठे होती? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४मध्येच लिहिलंय, संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचा तर : दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं, वरच्यांचा पाठिंबा हवा. नुसतं शेजारी उभं करून भागत नाही. शिवाय बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३मध्ये कर्णधार झालेच ना?

शंकासुर: झाले, पण गोडीगुलाबीने नव्हे. १९२०मध्ये विठ्ठल आणि त्यांचे भाऊ शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर राहिले होते. तुमचा तो समान दर्जा भांडून मिळवावा लागला, मैत्रीचं नंतर बघू. आणि फसलं की 'अट पाळली नाही' म्हणायचं, ही बरी सोय आहे!

ओसरीवरची: दोघांनाही एक विचारते. मॅच संपल्यावर काय? संशोधक सलमा मूसा यांनी इराकमध्ये ख्रिश्चन-मुस्लिम मिश्र फुटबॉल संघ केले. मैदानावरचं वागणं सुधारलं, अनोळखी मुस्लिमांबद्दलचं ख्रिश्चन खेळाडूंचं मन फारसं बदललं नाही. आमच्या दादाचा आख्खा ग्रुप मिश्र, स्थळ मात्र 'आपल्यातलंच' बघतायत. (अवांतर : बायकांची टीम कधी?)

मिडऑफ: लग्नापर्यंत नेऊ नका हो, मी फायनलमधली मारामारी थांबवतोय. एवढंही थोडं आहे का?

शंकासुर: थांबवा की. फक्त एक सांगा, पुनर्वसनवाले सरावाला टॉवरच्या गेटमधून येणार की मागच्या गल्लीतून?

मिडऑफ: ...मागून. कमिटीत विषय काढतो.