प्रतिसाद: गेज बरोबर दाखवतं, तरी टॅपेट वाजतं

टॅपेट जमवणं म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा झुलता दांडा) आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यातली बारीक फट, म्हणजे गॅप, नेमकी ठेवणं. त्या फटीत फीलर गेजची ठरावीक जाडीची पाती किंचित अडत सरकली की टॅपेट जमलं, असं वर एकाने म्हटलंय; ते नव्या रॉकरपुरतं खरं आहे. बरंच चाललेल्या इंजिनात रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो. पाती दांड्यापेक्षा रुंद आणि सपाट, त्यामुळे ती खळग्याच्या कडांवरच टेकते, तळापर्यंत पोचत नाही. गेज ०.२० मिमी दाखवतं, खरी गॅप खळग्याच्या खोलीइतकी जास्त असते. मग टकटक थांबत नाही म्हणून लोक रॉकरवरचा, गॅप कमी-जास्त करणारा स्क्रू अंदाजाने आवळत जातात, आणि ते कृपा करून करू नका. गॅप उरली नाही तर गरम झालेला व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कड्यावर) पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटवाटे निघून जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

अशा रॉकरला मी स्क्रूच्या आट्यांवरून मोजतो. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद). स्क्रू बोटांनी फिरवत गॅप शून्य करायची, मग मोजून मागे घ्यायचा. आट्यांमधलं अंतर १ मिमी असेल तर एक षष्ठांश फेऱ्यात स्क्रू साधारण ०.१७ मिमी सरकतो. स्क्रू पुशरॉडच्या (रॉकरला ढकलणाऱ्या दांडीच्या) बाजूला असेल तर याला रॉकरच्या गुणोत्तराने (व्हॉल्व्हकडची लांबी भागिले पुशरॉडकडची लांबी) गुणा: १.५ असेल तर व्हॉल्व्हपाशी गॅप ०.२५ मिमी. स्क्रू जागेवर पक्का करणारा लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसाने घट्ट धरा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि सगळं मोजमाप वाया जातं. खळगा नखाला स्पष्ट लागत असेल तर रॉकरच बदला.