महालातल्या वाड्यात जिओकॅश करायची आहे, जाणकारांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

नागपुरात महाल या जुन्या भागात एक दोनचौकी जुना वाडा आहे. मालकांची इच्छा नाही म्हणून नाव देत नाही. पुढच्या चौकाभोवतीच्या खोल्यांत त्यांनी घरच्याच वस्तू मांडून लहानसं संग्रहालय केलंय, प्रवेश फुकट. सुटीच्या दिवशी मी तिथे लोकांना वाडा दाखवायला जाते. बाहेरगावचा माणूस झिरो माइल बघतो, दीक्षाभूमीला जातो, पण महालाच्या गल्लीत वळत नाही. जे येतात ते चौकात फोटो काढून निघतात. खांबांवरची कोरीव केळफुलं, कडीपाट म्हणजे लाकडी छत, दिंडी दरवाज्याचा आडणा (आतून लावायचा अडसर) सरकवायची भिंतीतली खोबण, याकडे मान वर करून किंवा वाकून कोणी बघतच नाही. ते बघावं म्हणून तिथे जिओकॅश करावी असं फार मनात आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली. लगेच ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी जंगलात एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तेव्हापासून जगभर लोक असे डबे, म्हणजेच जिओकॅश, लपवतात, शोधतात, आतल्या वहीत नाव लिहून डबा परत तिथेच ठेवतात. आता मात्र जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा करून डबा ठेवायला नियमानं मनाई आहे.

माझी मुख्य काळजी वाड्याची आहे. पुढच्या ओसरीत एका खांबाच्या हस्ताला (खांबावर तुळईला आधार देणाऱ्या कोरीव लाकडाला) उभी चीर गेली आहे, बोट सहज आत जाईल एवढी. शोधणारा माणूस प्रत्येक फटीत हात घालतोच. आत डबा नसला तरी तिथे चाचपणार, आणि दोनचार जणांनी नखानं उकरलं तर कोरीव काम गेलंच. मालक काकाजी तयार आहेत, अट एकच: लाकडाला खिळा नको, चिकटपट्टी नको, कोणी कशाला हात लावायला नको.

दुसरं, चौकाला चारही बाजूंनी उंच भिंती. आभाळाचा तुकडाच दिसतो, सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि मोबाइलवरचा ठिपका शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसतो. लोक त्यांच्या दारात घुटमळतील, ते बरं नाही.

तिसरं, संघ मुख्यालयामुळे या भागात पोलिसांचा बंदोबस्त असतो. गल्लीत लपवलेला डबा कोणाला दिसला तर बेवारस वस्तू म्हणून धावपळ व्हायची. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर इथे मुंगीला वाट नसते.

मग करू कशी? परवानगीचं पत्र कोणाच्या नावानं घ्यायचं? आणि आपल्या मे महिन्याला आणि मग पावसाला टिकेल असा डबा कोणता?

प्रतिसाद

ताई, डबा वाड्यात ठेवूच नका. मल्टी-कॅश करा, म्हणजे टप्प्याटप्प्यानं उलगडत शेवटी डबा सापडेल अशी. वाड्यात फक्त प्रश्न: ओसरीला खांब किती, अमुक खांबावर केळफुलं किती, चौकाच्या पायऱ्या किती. उत्तरं आकड्यांत, त्यावरून डब्याच्या शेवटच्या जागेचे अक्षांश-रेखांश. उत्तर नुसतं बघून मिळायला हवं, हात लावावा लागेल असा प्रश्न एकही नको. चीर गेलेल्या खांबाचं नावसुद्धा घेऊ नका. प्रश्न दिसणाऱ्या गोष्टींवर असल्यानं चौकातल्या जीपीएसची अडचणच उरत नाही, सुरुवातीचा बिंदू गल्लीच्या तोंडाशी मोकळ्यावर द्या. वेबसाइटवरच्या कॅशच्या पानावर ठळक लिहा की वाड्यात डबा नाही.

डबा महालाबाहेर, ओळखीच्या कोणाच्या आवारात, त्यांच्या लेखी परवानगीनं. दुसऱ्या कॅशच्या डब्यापासून तो किमान १६१ मीटर लांब हवा. बघून उत्तर द्यायच्या टप्प्यांना हे अंतर लागू नाही. वाड्यासाठी पत्र मालकांच्या सहीचं घ्या आणि रिव्ह्यूअरला, म्हणजे वेबसाइटवर कॅश तपासून प्रसिद्ध करणाऱ्याला, आधीच कळवा. रबरी कडा असलेला, चारही बाजूंनी कुलपासारखा बसणारा पारदर्शक डबा सावलीत ठेवा. साधं प्लॅस्टिक उन्हानं तडकतं. बाहेर 'जिओकॅश' असं मराठीत आणि हिंदीत लिहा. आत पेन नको, पेन्सिल ठेवा, शाई ओलीनं पसरते.

धागाकर्ती

खूप आभार! काकाजींना हे पटेल. बजाजनगर किंवा धरमपेठेकडे कोणाचं आवार असेल आणि महिन्यातून एकदा डबा बघायची तयारी असेल तर कृपया इथेच कळवा.